पत्र निघाले का?

(परगावच्या वायफायवरून ई-मेल पाठवताना आलेल्या अडचणी लेखिकेने या पाठात सांगितल्या आहेत. ही अडचण का येते, ती कशी दूर होते आणि अशा वेळी कोणती काळजी घ्यावी, हेही त्यांनी समजावून दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठी लिहिताना तुमची एका शब्दाशी नक्कीच गाठ पडली असेल. उर्दूत आपण पत्राला 'खत' म्हणतो. मराठीत मात्र 'खत' म्हटले की शेतात घालायचे खत डोळ्यांपुढे येते. माझ्या वर्गातील एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'मी मामूंना खत पाठवले.' ते वाक्य वाचून मला हसू आले; पण मी ते फार चुकीचे धरले नाही. कारण 'खरेदीखत' या मराठी शब्दात तोच जुना अर्थ अजून टिकून आहे. असो. तुम्ही पत्र म्हणा की खत म्हणा, एक गोष्ट दोन्ही भाषांत सारखीच खरी आहे. पत्र लिहिणे वेगळे, ते पाठवणे वेगळे आणि ते पोचणे त्याहून वेगळे.

पूर्वी हे सहज कळत असे. लिफाफा डिंकाने बंद केला, तिकीट लावले, लाल पेटीत टाकला, की आपले काम झाले. आज आपण मोबाइलवर पत्र लिहितो आणि 'पाठवा' या खुणेवर बोट ठेवतो. पत्र डोळ्यांसमोरून नाहीसे होते. आपल्याला वाटते, गेले! पण ते खरोखर गेले का? की आपल्याच मोबाइलच्या एका कोपऱ्यात बसून राहिले? हा प्रश्न मला मे २०२३ मध्ये पडला. त्याचे उत्तर शोधताना मला जे कळले, ते आज तुम्हाला सांगते.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मी, माझे पती, अम्मी आणि आमची लहान मुलगी असे चौघे काश्मीर पाहायला निघालो. मालेगावहून बसने मनमाड आणि मनमाडहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, असा आमचा बेत होता. गाडी भोपाळच्या पुढे गेली असेल, तेव्हा मालेगावहून फोन आला. माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील बोलत होते. ते यंत्रमागावर काम करतात. त्यांच्या मुलीने दहावीची परीक्षा दिली होती आणि पुढील शिक्षणासाठी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. अर्ज पूर्ण होता. पण संस्थेला वर्गशिक्षिकेचे पत्र हवे होते. ते पत्र शिक्षिकेच्या शाळेच्या ई-मेल पत्त्यावरूनच यायला हवे होते. मुदत दोन दिवसांची होती. परवा संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पत्र पोचले नाही, तर अर्ज बाजूला ठेवला जाणार होता.

"आपा, तुम्ही प्रवासात आहात. जमेल ना?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "जमेल. काळजी करू नका."

हे सांगणे सोपे होते. मी वहीच्या कोऱ्या पानावर पत्र लिहिले, सही केली, मोबाइलने त्याचे छायाचित्र काढले आणि ते ई-मेलला जोडून 'पाठवा' ही खूण दाबली. गाडी वेगात होती. संपर्क येत होता, जात होता. पत्र काही निघाले नाही. ते 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात जाऊन बसले.

मित्रांनो, हा कप्पा नीट ओळखून ठेवा. ई-मेलमध्ये 'आउटबॉक्स' आणि 'सेंट' असे दोन वेगळे कप्पे असतात. आउटबॉक्स म्हणजे जाण्यासाठी तयार असलेले, पण अजून न गेलेले पत्र. सेंट म्हणजे गेलेले पत्र. घराच्या उंबऱ्यावर चपला घालून उभा असलेला माणूस आणि बसमध्ये बसलेला माणूस यांच्यात जेवढा फरक असतो, तेवढाच या दोन कप्प्यांत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने पठाणकोट सोडले. रावी नदीचा पूल ओलांडला आणि आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवरील संपर्क एकदम बंद झाला. यात मोबाइलचा दोष नव्हता. सुरक्षेच्या कारणावरून बाहेरच्या राज्यांतील 'प्रीपेड' सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. महिन्याच्या शेवटी बिल येणारे 'पोस्टपेड' कार्ड तेवढे चालते. आमच्या घरात सगळ्यांची कार्डे प्रीपेड होती. तेथे नवे सिमकार्ड घेता येते. पण त्यासाठी कागदपत्रे द्यावी लागतात आणि ते सुरू होईपर्यंत थांबावे लागते. आमच्याजवळ तेवढा वेळ नव्हता.

आता एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे वायफाय. वायफाय म्हणजे तारेवाचून चालणारे जाळे. एका लहानशा यंत्रापर्यंत इंटरनेटची तार येते आणि पुढचे काम ते यंत्र रेडिओ लहरींवर करते. भारतातील मोठ्या रेल्वे स्थानकांवर ही सोय आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून तिची सुरुवात झाली आणि पुढे ती देशभरातील स्थानकांवर पसरली. जम्मू स्थानकावर उतरल्याबरोबर मी मोबाइलवर वायफाय सुरू केले. पंख्याच्या आकाराची खूण दिसू लागली. माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच एक पान उघडले. त्यावर लिहिले होते, 'तुमचा मोबाइल क्रमांक द्या. आम्ही त्यावर संकेतांक पाठवू.'

मी क्रमांक दिला. पण संकेतांक येणार कोठे? तो यायचा होता माझ्या सिमकार्डावर आणि सिमकार्ड तर रावीच्या पलीकडेच मुके झाले होते. घराची किल्ली घरातच राहावी आणि दाराला बाहेरून कुलूप असावे, तशी ही गत झाली!

येथे तुम्ही पहिला धडा घ्या. मोबाइलवर वायफायची पूर्ण खूण दिसली, म्हणजे इंटरनेट मिळाले असे नाही. ती खूण एवढेच सांगते, की तुमचा मोबाइल आणि ते जवळचे यंत्र एकमेकांना ऐकू शकतात. त्या यंत्राच्या पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही, हे ती खूण सांगत नाही. स्थानक, विमानतळ, रुग्णालय, उपाहारगृह अशा ठिकाणी तो रस्ता मुद्दाम अडवून ठेवलेला असतो. आधी आपली ओळख द्यावी लागते, नियम मान्य करावे लागतात, मगच फाटक उघडते. अनेकदा हे ओळखीचे पान आपोआप दिसत नाही. अशा वेळी ई-मेल उघडून वाट पाहत बसू नये. ब्राउझरमध्ये एखादे साधे पान उघडावे, म्हणजे फाटकावरचे पान समोर येते.

जम्मूहून श्रीनगरला आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. काश्मीर खोऱ्याला देशाच्या रेल्वेशी जोडणारा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. आमच्या वेळी रस्त्यानेच जावे लागत असे. डोंगर, बोगदे, खाली वाहणारी चिनाब नदी! मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. अम्मी सारख्या "सुभानल्लाह" म्हणत होत्या. माझे लक्ष मात्र घड्याळाकडे होते.

दुपारी रामबनजवळ आम्ही जेवायला थांबलो. तेथे मोबाइलवर एका उघड्या वायफायचे नाव दिसले. परवलीचा शब्द नको, क्रमांक नको, काही नको. मी जोडणी केली आणि ई-मेल उघडले. तोच पडद्यावर इशारा आला : 'या सर्व्हरची ओळख पटत नाही. तरीही पुढे जायचे आहे का?' खाली दोन शब्द होते, 'पुढे जा' आणि 'रद्द करा'.

"दाबून टाक 'पुढे जा'. वेळ कोठे आहे?" माझे पती म्हणाले.

त्यांचे म्हणणे घाईच्या दृष्टीने बरोबर होते. पण मी 'रद्द करा' दाबले. असे का केले, ते तुम्ही समजून घ्या.

समजा, तुम्ही परगावच्या टपाल कचेरीत गेलात. तेथे दारातच एक माणूस उभा आहे. तो म्हणतो, "द्या ते पत्र माझ्याकडे, मी आत देतो. तुमच्या पेटीची किल्लीही द्या." त्याच्या अंगावर गणवेश नाही, छातीवर बिल्ला नाही. तुम्ही किल्ली द्याल का? ई-मेल पाठवताना आपला मोबाइल परवलीचा शब्द सर्व्हरला सांगतो. म्हणून आधी तो सर्व्हरचा बिल्ला तपासतो. या बिल्ल्याला 'प्रमाणपत्र' म्हणतात. बिल्ला जुळला नाही, तर मोबाइल इशारा देतो. कधी कधी कारण साधे असते. फाटकावरचे पान मध्ये आले, मोबाइलमधील तारीख चुकली, तरी असा इशारा येतो. पण कधी कधी मध्ये खरोखरच लबाड माणूस बसलेला असतो. बाहेरून या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून अनोळखी जाळ्यावर असा इशारा आला, की मागे फिरावे, हेच शहाणपण.

संध्याकाळी आम्ही श्रीनगरला पोचलो. दल सरोवराजवळ एका लहान अतिथिगृहात आमची सोय झाली होती. त्याचे मालक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही त्यांना 'चाचा' म्हणू लागलो. त्यांनी कहवा दिला आणि न मागता वायफायचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी उर्दूत होती! आपली शाळेतली लिपी एवढ्या दूर, एका अनोळखी घरात भेटली, याचा मला फार आनंद झाला.

मी जोडणी केली. या वेळी इशारा आला नाही. एकामागून एक पत्रे मोबाइलवर येऊ लागली. शिष्यवृत्तीच्या संस्थेचेही पत्र आले : 'आपल्या पत्राची वाट पाहत आहोत.' म्हणजे इंटरनेट चालू होते. मी आउटबॉक्समधील पत्र पुन्हा पाठवले. चक्र फिरत राहिले आणि शेवटी शब्द उमटले : 'पत्र पाठवता आले नाही.'

पत्रे येतात, पण जात नाहीत. हे कोडे काय?

मला प्रथम छायाचित्राची शंका आली. ते मोठे होते. येथे एक उपयोगी गोष्ट सांगते. ई-मेलची पद्धत मुळात साध्या अक्षरांसाठी तयार झाली होती. म्हणून छायाचित्र पाठवताना त्याचे अक्षरांत रूपांतर करावे लागते. या रूपांतरात माहितीच्या प्रत्येक तीन भागांचे चार भाग होतात. म्हणजे ९ एमबीचे छायाचित्र वाटेला लागताना सुमारे १२ एमबीचे होते. त्यातच बहुतेक ठिकाणी इंटरनेटची येण्याची वाट रुंद आणि जाण्याची वाट अरुंद असते. म्हणून मी छायाचित्र लहान केले. कोरा भाग कापला. अक्षरे स्पष्ट राहिली आणि वजन पुष्कळ घटले. तरीही पत्र जाईना. शेवटी जोडपत्र काढून नुसते 'नमस्कार' एवढेच लिहून पाहिले. तेही जाईना! म्हणजे दोष वजनाचा नव्हता.

सकाळी चाचांनी माझा चेहरा पाहिला आणि विचारले, "बेटी, काय झाले?" मी सगळे सांगितले. त्यांनी लगेच आपला मोबाइल पुढे केला. "याचे इंटरनेट घे. हे इथलेच आहे, चांगले चालते." मी त्यांच्या मोबाइलवरून जोडणी केली. वेग उत्तम होता. पण पत्र जागचे हलले नाही. आता एवढे नक्की झाले, की दोष वेगाचाही नव्हता.

माझ्या धाकट्या दिरांशी व्हॉट्सअॅपवर बोलणे झाले. ते मालेगावला होते. ते म्हणाले, "भाभी, तुमचा परवलीचा शब्द मला सांगा. मी येथून पाठवून देतो." सूचना प्रेमाची होती. पण संस्थेने शिक्षिकेच्याच पत्त्यावरून पत्र मागितले होते, ते कशासाठी? पत्र खरोखर शिक्षिकेनेच पाठवले आहे, याची खात्री पटावी म्हणून. मीच माझी किल्ली दुसऱ्याला दिली, तर त्या खात्रीला काय अर्थ राहिला? मी त्यांचे आभार मानले आणि नको म्हटले. घड्याळात दोन वाजून गेले होते.

मग मी आमच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या सरांना विचारायचे ठरवले. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "आपा, पत्रे येतात आणि फक्त जात नाहीत, असेच ना? मग खिडकीचा घोटाळा आहे."

"खिडकीचा?"

त्यांनी जे समजावले, ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

टपाल कचेरीत वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या खिडक्या असतात. एका खिडकीवर तिकिटे मिळतात, दुसरीवर मनिऑर्डर होते. सर्व्हरचेही तसेच असते. त्याच्या खिडक्यांना 'पोर्ट' म्हणतात आणि प्रत्येक पोर्टला क्रमांक असतो. आपल्याला वाटते, ई-मेल ही एकच गोष्ट आहे. पण पत्र मिळवण्याचे काम एका खिडकीवर चालते आणि पत्र पाठवण्याचे काम दुसऱ्याच खिडकीवर. पत्र मिळवण्यासाठी आज बहुधा ९९३ क्रमांकाची खिडकी वापरतात. पत्र पाठवण्याची सर्वांत जुनी खिडकी म्हणजे क्रमांक २५. माझ्या मोबाइलमध्ये शाळेचा ई-मेल ज्यांनी बसवून दिला होता, त्यांनी पाठवण्यासाठी हीच जुनी खिडकी लिहिली होती. शाळेच्या जोडणीवर ती उघडी होती, म्हणून तेथे कधी अडचण आली नाही. बाहेर मात्र ती बहुतेक ठिकाणी बंद असते.

ती बंद का असते? यामागे एक इतिहास आहे.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यातून पत्र पाठवले. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्या मध्ये '@' ही खूण घालण्याची कल्पना त्यांचीच. पुढे १९८२ मध्ये पत्र पाठवण्याचे नियम ठरले. त्या नियमांना 'एसएमटीपी' म्हणतात. त्या काळी या जाळ्यावर थोडे लोक होते. ते बहुतेक विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले होते. एकमेकांवर त्यांचा विश्वास होता. त्यामुळे 'तू कोण?' असे विचारण्याची सोय त्या मूळ नियमांत नव्हती. कोणीही यावे, २५ क्रमांकाच्या खिडकीवर पत्र द्यावे आणि सर्व्हरने ते पुढे पोचवावे, असा सरळ व्यवहार होता.

पण विश्वासाचा गैरफायदा घेणारे सगळीकडेच असतात. मे १९७८ मध्येच गॅरी थ्यूर्क नावाच्या एका विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना पाठवली होती. लोक रागावले. पुढे जाळे वाढले, तशा नको असलेल्या पत्रांचा पूर आला. लबाड लोक दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून, दुसऱ्यांच्या नावाने लाखो पत्रे पाठवू लागले. लोकांच्या संगणकांत गुपचूप शिरून तेथूनही अशी पत्रे सुटू लागली. मग जाळी चालवणाऱ्यांनी ठरवले, की आपल्या जोडणीवरून कोणालाही परस्पर २५ क्रमांकाच्या खिडकीवर जाऊ द्यायचे नाही. म्हणून अतिथिगृहात काय किंवा चाचांच्या मोबाइलवर काय, ती वाट बंदच होती. कोणी माझ्यावर राग धरला नव्हता. लबाडांसाठी घातलेल्या कुंपणाला मी येऊन अडकले होते, इतकेच.

मग प्रामाणिक माणसाने काय करायचे? त्याच्यासाठी १९९८ मध्ये वेगळी खिडकी ठरवण्यात आली. तिचा क्रमांक ५८७. या खिडकीवर आधी आपले नाव आणि परवलीचा शब्द द्यावा लागतो. ओळख पटली, की आपण कोणत्याही गावातून, कोणत्याही जोडणीवरून आलो असलो तरी पत्र घेतले जाते. याच कामासाठी ४६५ क्रमांकाचीही खिडकी आहे. आणखी एक खबरदारी अशी, की परवलीचा शब्द उघड्यावर बोलायचा नाही. आधी बोलणे गुप्त लिपीत बदलायचे आणि मगच शब्द सांगायचा. या पद्धतीला 'टीएलएस' म्हणतात. ती चालू असली, तर वाटेत कोणी कान लावला, तरी त्याला अर्थ लागत नाही.

सरांनी सांगितले तसे मी मोबाइलमध्ये पाठवण्याच्या सर्व्हरची माहिती उघडली. २५ खोडून ५८७ लिहिले. टीएलएस चालू केले. 'ओळख आवश्यक' या जागी खूण केली आणि माझा परवलीचा शब्द मी स्वतः भरला. सरांनीही तो विचारला नाही आणि मीही तो सांगितला नाही. मग आउटबॉक्समधील पत्रावर बोट ठेवले.

चक्र एकदा फिरले आणि आउटबॉक्स रिकामा झाला. मी सेंट कप्पा उघडला. पत्र तेथे होते. वेळ होती चार वाजून दहा मिनिटे. तरी माझे समाधान झाले नाही. सेंट कप्प्यात पत्र दिसणे म्हणजे ते आपल्या सर्व्हरने घेतले एवढेच. म्हणून मी संस्थेला आणखी दोन ओळी लिहिल्या : 'माझे पत्र मिळाल्याचे कृपया कळवावे.' साडेचारच्या सुमारास उत्तर आले, 'पत्र मिळाले. अर्ज पूर्ण झाला.' मी त्या मुलीच्या वडिलांना लगेच व्हॉट्सअॅपवर निरोप दिला. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, हे संस्था गुण आणि गरज पाहून ठरवणार होती. पण त्या मुलीचा अर्ज शिक्षिकेच्या पत्रावाचून मागे राहिला नाही, याचे मला समाधान वाटले. त्या संध्याकाळी मी प्रथमच दल सरोवराकडे डोळे भरून पाहिले.

मित्रांनो, तुम्ही कदाचित म्हणाल, "आपा, आम्हाला तर अशी अडचण कधी आली नाही." बरोबर आहे. आज मोठ्या ई-मेल सेवा योग्य खिडकी आपोआप निवडतात, म्हणून ती आपल्या नजरेस पडत नाही. पण शाळा, कार्यालय, कारखाना यांच्या स्वतःच्या पत्त्यांवर काम करण्याची वेळ उद्या तुमच्यावर येईल. तेव्हा हे ज्ञान उपयोगी पडेल. प्रवासाला निघण्यापूर्वी घराबाहेरच्या दुसऱ्या एखाद्या जोडणीवरून एक पत्र स्वतःलाच पाठवून पाहा. ते आले तर येण्याची आणि जाण्याची दोन्ही दारे उघडी आहेत असे समजा. आपले सिमकार्ड जेथे जायचे आहे तेथे चालते का, हे आधी विचारा. कारण संकेतांक त्याच्यावरच येतो. महत्त्वाचे कागद लहान आकारात तयार ठेवा. अडचण आली, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. वजन कमी करून पाहा, जोडणी बदलून पाहा, म्हणजे दोष कोठे नाही हे कळत जाते आणि शेवटी कोठे आहे ते सापडते.

सर्वांत मोठी गोष्ट मला या प्रवासात वेगळीच कळली. अनोळखी जाळे आपल्यावर संशय घेते, तेव्हा आपल्याला राग येतो. पण आपणही त्या जाळ्यावर संशय घेतोच की! रामबनला मी तेच केले. दोन्ही संशय योग्यच आहेत. परगावी गेलेल्या मुसाफिराला लोक नाव, गाव विचारतात, त्यात अपमान नसतो. मुसाफिरानेही कोणाच्या घरी उतरायचे ते पाहून ठरवावे, त्यातही अपमान नसतो. संशय दूर करण्याचा मार्ग धक्का मारून आत शिरण्याचा नाही, आपली खरी ओळख देण्याचा आहे. आणि आपली ओळख आपणच द्यायची असते. ती उसनी देता येत नाही आणि उसनी घेताही येत नाही.

यापुढे कोणी तुम्हाला महत्त्वाचे पत्र पाठवायला सांगितले, तर "पाठवले" असे लगेच म्हणू नका. आधी आउटबॉक्स पाहा, मग सेंट पाहा आणि शेवटी उत्तराची वाट पाहा. पलीकडच्या माणसाने "मिळाले" म्हटले, की मगच तुमचे काम पूर्ण झाले.

स्वाध्याय

१. 'खत' या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.
२. जम्मू स्थानकावर वायफायची खूण दिसूनही लेखिकेला इंटरनेट का मिळाले नाही?
३. रामबनजवळ लेखिकेने 'रद्द करा' का दाबले? तुम्ही काय केले असते?
४. 'आउटबॉक्स' आणि 'सेंट' यांतील फरक पाठातील उदाहरणाने सांगा.
५. लेखिकेने आपल्या दिरांची सूचना का मानली नाही, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
६. वाक्यात उपयोग करा : जीव भांड्यात पडणे, गैरफायदा घेणे, डोळे भरून पाहणे.